मोडलेला पंख

जळगावच्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरी संक्रांतीला पतंग उडत नाही. मांज्याने पक्ष्यांचे पंख कापले जातात म्हणून आजोबांनी ती हौस पूर्वीच बंद केली; नायलॉन मांज्यावरील हरित लवादाची बंदी 2017 साली, कितीतरी नंतर आली. मागच्या संक्रांतीला सहावीतल्या नातवाला पतंगाऐवजी थर्माकोलचे तयार विमान मिळाले. पंख खोचायचा, हाताने फेकायचे, की झाले उड्डाण. तिसऱ्या दिवशी ते गच्चीच्या कठड्यावर आपटून पंख मोडला. मुलाने झटपट चिकटणारा डिंक लावला. त्याने थर्माकोलच विरघळले.

तो पंख घेऊन मुलगा धुळ्याला मामांकडे गेला. गोंदूरच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची विमाने उडतात, ती तिथे पाहायला मिळत. मामांचे हार्डवेअरचे दुकान. पुण्यात शिकताना ते एनसीसीच्या हवाई शाखेत होते आणि तिथे विमानांच्या प्रतिकृती बनवणे हा शिक्षणाचाच भाग असे. बाल्साचे हलके लाकूड कापून, घासून एकेक बरगडी जुळवायची, वर पातळ कागद ताणायचा. विकत आणलेले विमान म्हणजे दुसऱ्याच्या भांडवलावरचा धंदा, असे ते म्हणत. स्वतःच्या मुलालाही त्यांनी असेच बसवले होते. तीन महिने बरगड्याच घासून झाल्या, एकही उड्डाण झाले नाही, आणि मुलाने तो नाद सोडला. अर्धवट विमानाची पेटी माळ्यावर गेली.

मामांचा आग्रह खोटा नव्हता. तो फार लवकर धरला गेला, इतकेच. 1878 साली मिल्टन राइट यांनी आपल्या मुलांना बूच, बांबू आणि कागदाचे, रबराच्या पिळावर उडणारे तयार खेळणे आणून दिले. विल्बर तेव्हा 11 वर्षांचा, ऑर्व्हिल 7. ते मोडल्यावर दोघांनी स्वतः तसे बनवायला घेतले.

भाच्यापुढे मामांनी बाल्सा काढला नाही. बांबूची काडी आत घालून त्यांनी सुतारकामाच्या पांढऱ्या डिंकाने पंख सांधला. तो थर्माकोलला खात नाही. मग पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांशावर दोन बोटे टेकवून विमान तोलले. शेपूट खाली झुकली. दुकानातला एक वायसर नाकात बसवला.

“वजन वाढवल्यावर ते चांगले कसे उडेल, मामा?” मुलाने विचारले.

“फेकून बघ.”

विमान अंगणभर सरळ गेले. मग वायसर काढून, पुन्हा घालून, दुसरीकडे लावून संध्याकाळ झाली.

दुकानाचा हिशेब मिटवून आलेला मामांचा मुलगा ते पाहत उभा होता. रात्री त्याने माळ्यावरून पेटी काढली. कागद पिवळा पडला होता. लाकूड शाबूत होते. एका बरगडीवर मामांच्या लाल पेन्सिलीची फुली होती.

“हिच्यात काय चुकले होते?” भाच्याने विचारले.

मामांनी चष्मा लावून ती दिव्याखाली पुष्कळ वेळ उलटसुलट पाहिली. चूक काही सापडली नाही.