यंत्राचे निवणे

‘कूलिंग’ या इंग्रजी शब्दासाठी आपल्या पाठ्यपुस्तकांनी ‘शीतकरण’ हा प्रतिशब्द रूढ केला. शब्द घडणीने निर्दोष आहे. तथापि त्यातून असा समज होतो की, शैत्य नावाचा काही पदार्थ असून तो बाहेरून आणून वस्तूत भरता येतो. स्वयंपाकघरातला आपला शब्द याहून नेमका आहे. दूध निवते, चहा निवतो, भात परातीत निववायला ठेवतात. निवणे म्हणजे आत थंडी शिरणे नव्हे, आतली उष्णता निघून जाणे. ‘निर्’ हा उपसर्ग आणि वाऱ्याचे वाहणे दाखवणारा ‘वा’ हा धातू यांपासून हे क्रियापद आले. ‘निर्वाण’ही त्याच कुळातले. व्हिडिओ गेमच्या एका घरगुती यंत्राला पाण्याने निववण्याचा उद्योग गेल्या उन्हाळ्यात मी जवळून पाहिला, आणि या क्रियापदाची खोली मला तेव्हा जाणवली.

उद्योग माझ्या भाच्याचा. तो दिल्लीत अभियांत्रिकी शिकतो आणि माझ्याकडे राहतो. त्याचा धाकटा भाऊ नागपुरात असतो. समोरासमोर बसले तर दोन वाक्ये धड न बोलणारे हे भाऊ रोज रात्री आपापल्या कन्सोलवर तासभर एकत्र खेळतात आणि खेळता खेळता एकमेकांना सगळे सांगतात. माझ्या आईची खाट त्याच खोलीत आहे, कारण घरातला एकुलता एक कूलर तिथे आहे. तिचे वय शहाऐंशी. नागपूरच्या नातवाचा आवाज त्या पेटीतून येतो, म्हणून त्या वेळी तीही जागी असते.

मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला आणि यंत्र ऐन खेळात अतितापाची सूचना देऊन बंद पडू लागले. वाक्य अर्ध्यावर तुटे. अशा यंत्रांच्या माहितीपत्रकात सभोवतालच्या हवेची मर्यादा सामान्यतः ३५ अंश दिलेली असते. दिल्लीच्या मे महिन्याने ते पत्रक वाचलेले नसते. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी आईला तपासून बजावले होते की, या वयात शरीर घामावाटे पुरेसे निवत नाही, तेव्हा खोली तापू देऊ नका. एका खोलीत निववण्याजोगी दोन अस्तित्वे होती, आणि दोघांचीही निकड खरी होती.

खेळांच्या यंत्रांना असा ताप पूर्वी नव्हता. १९७७ सालच्या अटारीच्या प्रसिद्ध कन्सोलमध्ये पंखाच नव्हता. तो जी थोडी वीज घेई, तिची उष्णता आपसूक विरून जाई. चित्रे जसजशी जिवंत होत गेली, तसतशी विजेची भूक वाढली. नोव्हेंबर २००५ मध्ये आलेल्या ‘एक्सबॉक्स ३६०’चा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. त्याच्या दर्शनी भागावर तीन तांबडे दिवे लागले की यंत्र संपले असे समजत. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोषापुरती हमी तीन वर्षांची केली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम बाजूला काढली. केवळ उष्णतेने ही यंत्रे मरत नव्हती. तापणे आणि निवणे यांच्या सततच्या फेऱ्यांत चिपमधील सूक्ष्म जोड ताणले जाऊन अखेर तुटत. हौशी कारागीर तोवर पाण्याकडे वळले होते. अमेरिकेतील बेन हेकेंडॉर्न यांनी २००६ साली हेच यंत्र पाण्याच्या नळ्यांसह एका लॅपटॉपच्या घाटात बसवून दाखवले. मोठ्या संगणकांना ही वाट त्याआधीच ठाऊक होती. १९८५ सालच्या क्रे-२ या महासंगणकाची मंडले तर वीज न वाहणाऱ्या एका द्रवात अक्षरशः बुडवलेली असत.

पाणीच का, हा प्रश्न मी भाच्याला विचारला. तो म्हणाला, “आत्या, एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते ना, तेवढ्यात साडेतीन हजार लिटर हवा एका अंशाने तापते. हमाल बदलायचा, एवढंच.” हमालाची उपमा मला आवडली.

सुटीच्या एका सकाळी त्याने यंत्र उघडले; त्या क्षणी त्याचे हमीपत्र निरर्थक झाले. मूळचा पंखा आणि पातळ पात्यांचा धातूचा ठोकळा काढून त्याने मुख्य चिपवर तांब्याचा चपटा ठोकळा बसवला. त्याच्या पोटात बारीक खाचा असतात आणि त्यांतून पाणी वाहते. पुढे दोन नळ्या, एक लहान पंप, पाण्याची टाकी आणि मोटारीत असतो तशा घडणीचा, पण वहीएवढा रेडिएटर. सबंध वाट त्याने तांब्या-पितळेची ठेवली, कारण त्याच पाण्यात ॲल्युमिनियम आले की धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन ते झिजते. पाणी ऊर्ध्वपातित, शेवाळ धरू नये म्हणून त्यात औषधाचे थेंब. नळ्यांतले बुडबुडे काढण्यासाठी सगळा संसार हळूहळू कलता करून पाहिला. मग एक दिवस आणि एक रात्र यंत्राला वीज न देता नुसता पंप चालू ठेवला आणि प्रत्येक जोडाखाली कोरा कागद अंथरला. कागदावर एक थेंब उमटला असता, तरी वर्षभराची साठवण पाण्यात गेली असती. आईने खाटेवरून त्या नळ्या पाहिल्या आणि विचारले, “सलाईन कुणाला लावलंय रे?”

एक गोष्ट मला विशेष वाटली. मुख्य चिपच्या शेजारी स्मृतीच्या आणि वीज नियमित करणाऱ्या लहान लहान चिपा असतात. जुन्या पंख्याचा वारा जाता जाता त्यांनाही लागत असे. पाणी आल्यावर मुख्य चिपची उत्तम सोय झाली आणि शेजारणी तापू लागल्या. त्यांच्यासाठी वेगळे ठोकळे चिकटवावे लागले, छोटा पंखाही ठेवावा लागला. वारा सर्वांचा असतो. नळी जिच्यापर्यंत पोचते तिचीच.

कागद कोरे राहिले. यंत्र सुरू झाले, आवाज जवळजवळ थांबला, खेळ तुटेना. नागपूरचा आवाज सलग ऐकू येऊ लागला. परंतु तिसऱ्या रात्री आई म्हणाली, “तुझं यंत्र गार झालं असेल बाबा, पण खोली काही गार झाली नाही.” तिचे म्हणणे भौतिकशास्त्राला धरून होते. यंत्र खेळताना सुमारे २०० वॅट वीज घेई, आणि शेवटी तेवढीच उष्णता खोलीत सोडी. पंख्याने सोडली काय नि पाण्याने सोडली काय. स्वस्थ बसलेले माणूस साधारण १०० वॅट उष्णता देते. म्हणजे रोज रात्री आईच्या खोलीत आणखी दोन अदृश्य माणसे येऊन बसत होती.

भाचा बराच वेळ बोलला नाही. नंतर त्याने नळ्या लांबवल्या आणि रेडिएटर खिडकीतून बाहेर, गॅलरीत नेला. पाण्याचा खरा लाभ येथे आहे: वाऱ्याला उष्णता जिथल्या तिथे टाकावी लागते, पाणी ती पलीकडच्या दारी नेऊन टाकू शकते. बाहेरची हवा खोलीहून गरम होती हे खरे, आणि असे बंदिस्त पाणी सभोवतालच्या हवेहून थंड कधीच होऊ शकत नाही. परंतु चिपला सत्तर अंशांचेही भय नसते. ४४ अंशांच्या हवेला उष्णता देणे तिला परवडते. माणसाला ते परवडत नाही.

त्यावर आईने सुचवले, “माठाला ओलं फडकं गुंडाळतो, तसं त्याला काहीतरी कर.” भाच्याने रेडिएटरच्या तोंडाशी वाळ्याची लहान ताटी टांगली आणि ती भिजती ठेवली. कोरड्या लूमध्ये पाण्याचा पारा सहा अंशांनी उतरला. त्याने हिशेब मांडला: २०० वॅटची तासाभराची उष्णता नेण्यास सुमारे ३०० मिलिलिटर पाण्याची वाफ पुरते. एक मोठा पेला. नळीतले पाणी ओझे टाकून परत येते; ताटीवरचे पाणी ओझ्यासह जाते, परतत नाही. निवण्याच्या या दुसऱ्या प्रकारालाच ‘निर्वाणा’चे नाते अधिक शोभते असे मला वाटले.

जुलैमध्ये हवा दमट झाली आणि ताटी नुसती ओली राहू लागली. आधीच पाण्याने भरलेली हवा आणखी वाफ घेईना. पारा मात्र तोवर उतरला होता, त्यामुळे उघड्या रेडिएटरवर काम भागले. भावांचा खेळ आणि बोलणे चालू राहिले. आईलाही झोप लागू लागली. मग एका सकाळी तिला दिसले की गॅलरीतल्या तुळशीची एका बाजूची पाने करपली आहेत. रेडिएटरचा ऊन वारा रोज रात्री तिच्यावरच जात होता. तिने भाच्याकडून कुंडी हातभर सरकवून घेतली. वारा आता कठड्यापलीकडे, खालच्या गल्लीत जातो. तिथे सात-आठ घरांची वातानुकूलन यंत्रे आपापला ऊन वारा सोडत असतात, आणि त्यांच्याखाली एक इस्त्रीवाला आपली कोळशाची इस्त्री घेऊन उभा असतो.