बियाण्याच्या पिशवीतून काय येतं?

दर्यापुरात दर्या नाही. चंद्रभागा आहे, आणि बोअरला मचूळ, खारं पाणी. ते पिकाला दिलं की जमीन चोपण होते, म्हणून पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा कपाशी-हरभऱ्यासाठी आभाळाकडे बघत बसतो. मग याच पाण्यात झिंगे का वाढवू नयेत? हरियाणात रोहतकजवळ लाहलीला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेनं खाऱ्या भूजलात व्हनामी कोळंबी वाढवून दाखवली आहे. सिरसा जिल्ह्यात तर शेतकऱ्यांनीच तळी खोदली.

पण बियाणं, म्हणजे झिंग्यांची पिलं, येतं समुद्रकाठच्या हॅचरीतून. ऑक्सिजन भरलेल्या पॉलिथिनच्या पिशवीत, थर्माकोलच्या खोक्यातून शेकडो किलोमीटरचा प्रवास करून. समुद्र लांब म्हणून रोगही लांब, हा भ्रम या पिशवीतच बुडतो.

हॅचरीत एकेका लिटरमध्ये शंभराच्या वर पिलं असतात. मादीला अंड्यांसाठी जिवंत समुद्री किडे चारले, तर त्यांतून ईएचपी नावाचा सूक्ष्म परजीवी येऊ शकतो. तो झिंगा मारत नाही, वाढू देत नाही; शेतकरी महागडं खाद्य टाकत राहतो आणि माल बोटाएवढाच. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू याच्या उलट, अख्खं तळं आठवड्या-दीड आठवड्यात झोपवतो. १९९४-९५ मध्ये आंध्र-तमिळनाडूचा टायगर कोळंबीचा धंदा त्यानंच बसवला. बाधित पिलू मात्र दिसायला तजेलदार असू शकतं.

वऱ्हाडात पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघतात. झिंग्यांचीही तशी चाचणी आहे: शे-दीडशे पिलं एकदम कमी खारट पाण्यात टाकायची, तास-दोन तासांनी जिवंत किती ते मोजायचं. त्यात अशक्तपणा कळतो, विषाणू नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली पीसीआर चाचणी लागते, आणि तिलाही मर्यादा आहेच. दीडशे पिलांच्या नमुन्यात रोग ९५ टक्के खात्रीनं सापडायला लॉटमधली निदान दोन टक्के पिलं बाधित असावी लागतात. त्याहून कमी असली तर कागदावर ‘निगेटिव्ह’ छापून येऊ शकतं.

प्रत्येक मरतूक रोगाचीच असते असंही नाही. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात बहुधा पोटॅशियम कमी असतं; सोडल्यावर चार दिवसांत पिलं मेली तर आधी पाणी तपासावं. पिकाला टाकतो तेच म्युरेट ऑफ पोटॅश तिथं कामी येतं. हॅचरीवाल्याशी भांडण नंतर.

कोकणातल्या शेवंडीचा, म्हणजे लॉबस्टरचा, इथं दाखला देण्यासारखा आहे. तिची पानासारखी पारदर्शक पिलं महिनोन्‌महिने समुद्रात तरंगतात, त्यामुळे हॅचरीत वाढवणं जिकिरीचं. व्हिएतनामात म्हणून समुद्रातली पिलं पकडून पिंजऱ्यांत वाढवतात. तिथं २००६-०७ मध्ये रक्त दुधासारखं करणाऱ्या रोगानं मोठी हानी केली. २००६ मध्येच फ्लोरिडाच्या समुद्रातल्या शेवंडींवर काम करणाऱ्या अभ्यासकांनी एक गमतीची गोष्ट नोंदवली: निरोगी शेवंड विषाणू झालेल्या शेवंडीच्या बिळात राहायला जातच नाही. हॅचरीच्या टाकीत असं दूर सरकायला जागा कुठली?

‘मंग याच्यावर फवारनी कायची कराची?’ हा प्रश्न इथं ठरलेलाच. कशाचीच नाही. झिंग्याच्या रक्तात आपल्यासारखी प्रतिपिंडं तयार होत नाहीत, त्यामुळे नेहमीच्या धर्तीची लस नाही, विषाणूवर औषध नाही. क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या प्रतिजैविकांना तर बंदीच आहे. ठिपके दिसले की गेट बंद, पाण्यात क्लोरीन, आणि काही दिवस एक थेंबही नाल्यात सोडायचा नाही. तो नाला पुढं चंद्रभागेला मिळतो.