लाकडी बैलाची हळद

नागपूरच्या माणसाला तान्हा पोळा समजावून सांगावा लागत नाही. पण पुण्या-मुंबईचा पाहुणा घरी असला की पंचाईत होते. श्रावणी अमावास्येचा पोळा खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या पाडव्याला, चाके लावलेले लाकडी बैल सजवून मुले घरोघर निघतात आणि ‘बोजारा’ म्हणून पैसे, खाऊ गोळा करतात. दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ साली मुलांसाठी ही प्रथा सुरू केली, असे सांगतात.

त्याच दिवशी जुन्या नागपुरात मारबती निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. गावाची इडापिडा त्यांच्यावर लादून लोक त्यांना वाजतगाजत नेतात आणि जाळतात. सोबत बडगे असतात; त्या वर्षी ज्याचा राग आला असेल त्याचा पुतळा! नकोसे ते जाळायचे आणि हवेसे ते दोरीने ओढत घरोघर मिरवायचे, असा आमच्या शहराचा एकाच दिवसाचा हिशेब.

लहानपणी मला मात्र आमच्या बैलाची लाज वाटे. शेजारच्या मुलाचा बैल त्याच्या कमरेएवढा, पितळी घुंगरांचा. आमचा वीतभर, एका शिंगाचा. आणि त्यात आमचे आबाजी! पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खेड्यात बैलांची खांदशेकणी करतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या’ असे बैलांना आमंत्रण द्यायचे. आबाजी हे सारे त्या वीतभर बैलाला करीत, तेही ओसरीवर, साऱ्या वाड्यासमोर.

एका वर्षी मुले फिदीफिदी हसली. मी चिडून म्हणालो, “आबाजी, लाकडाच्या बैलाने कधी नांगर ओढला आहे का?”

आबाजींचा हात थांबला नाही. “यानं नाही वढला रे. ज्यायनं वढला, ते आता कोनाच्या दावनीले हायेत, मले ठाव नाही. त्यायची हळद याच्या खांद्याले लावून रायलो.”

बाबा दारात उभे होते. ते काही न बोलता आत निघून गेले. रात्री आईने मला सांगितले : बाबांच्या कॉलेजच्या फीसाठी आबाजींनी काटोलकडची आपली बैलजोडी बाजारात नेऊन विकली होती. पुन्हा जोडी घेणे झाले नाही. पुढे शेतही गेले. बाबांना नोकरी लागली आणि आम्ही नागपूरकर झालो.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा पहिला घास बाबांनी स्वतः त्या बैलापुढे ठेवला. मी तो बैल घेऊन निघालो तेव्हा शेजारच्या घुंगरांकडे माझे लक्षच गेले नाही.

आता आबाजी नाहीत, बाबाही नाहीत. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. यंदा खांदशेकणीच्या संध्याकाळी मी वाटीत हळद कालवीत बसलो, तेव्हा नातीने विचारले, “आजोबा, याचा खांदा खरंच दुखतो?”

मी वाटी तिच्या हातात दिली आणि म्हणालो, “हलक्या हाताने लाव.”