चार नखांचा संसार

गिटार वाजवणाऱ्या माणसाशी हस्तांदोलन करायचं असेल, तर जरा बेतानं करावं. उजव्या हाताचा अंगठा नि शेजारची तीन बोटं, एवढ्यांची नखं हेच त्याचं सारं भांडवल. करंगळीला बिचारीला या संसारात काम नाही. आपल्या सतारियाची नखी हरवली तर तो दुसरी काढून बोटात चढवतो. याचं नख मैफलीच्या दिवशी मोटारीच्या दारात सापडलं, की मग पिंगपाँगचा चेंडू कापून त्याचा तुकडा नखाला चिकटवायचा नि तसंच रंगमंचावर जायचं! मी थट्टा करीत नाही. भल्याभल्यांनी हे केलेलं आहे.

मी म्हणतो ती गिटार मांडीवर आडवी घेऊन वर पोलादी कांडी फिरवायची नव्हे, किंवा सिनेमातल्या नायकाच्या गळ्यात असते तीही नव्हे. डावा पाय छोट्याशा तिवईवर ठेवून वाजवायची ही स्पॅनिश गिटार. तिचा आवाज असा हळुवार, की पहिल्या रांगेत कुणी खोकलं तर अख्खी ओळ बुडावी.

तिला मोठ्या सभागृहात मानाची जागा मिळवून दिली आंद्रेस सेगोव्हियानं. हा 1893 साली स्पेनमधल्या लिनारेस गावी जन्मला. गिटार म्हणजे गुत्त्यातलं वाद्य, अशी तेव्हा प्रतिष्ठितांची समजूत. पठ्ठ्या बराचसा आपला आपणच शिकला. 1935 साली पॅरिसमध्ये त्यानं बाखचं 'शाकोन' गिटारवर वाजवलं. मुळात ती रचना एकट्या व्हायोलिनसाठी केलेली! आणि तारा? जनावराच्या आतड्याच्या. हवा दमट झाली की रुसणाऱ्या, ऐन वेळी तुटणाऱ्या. नायलॉनच्या तारा आल्या त्या 1940 नंतरच्या दशकात.

माझ्या पुतणीनं बी. कॉम. झाल्यावर हेच करीन म्हटलं, तेव्हा वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्हीच सांगा हिला. टाळ्यांनी का पोट भरतं?"

"आई, मी शिकवीन ना!" पुतणी म्हणाली.

व्यवहार तिला बरोबर कळला होता. जगातल्या बहुतेक गिटारवादकांची चूल शिकवण्यांवरच पेटते. पण मला धास्ती वाटली ती वेगळीच. वाजवणारा हात आणि शिकवणारा हात एकाच देहात सुखानं नांदतात का?

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकचीच गोष्ट घ्या. तिथं ज्युलियन ब्रीम शिकायला गेला. त्याला पियानो नि चेलो शिकायची मुभा होती. गिटार मात्र इमारतीत आणू नकोस म्हणून ताकीद! पुढं 1956 साली मेलबर्नमध्ये जन्मलेला जॉन विल्यम्स त्याच कॉलेजात आला. तेव्हाही गिटारचा वर्ग नव्हता, म्हणून तोही पियानो शिकला. आणि शिक्षण संपताच कॉलेजनं गिटारचा नवा विभाग त्याच्याच हवाली केला. पोराची विशी उलटायची होती!

हा विल्यम्स इटलीत सिएनाला सेगोव्हियाजवळ बसलेला. सेगोव्हियानं त्याची तोंड भरून स्तुती केलेली. तरी पुढं विल्यम्सनं उघड सांगितलं, की गुरूला हवी असे ती आपली हुबेहूब नक्कल. आपल्या घराण्यांत गुरूच्या तानेबरोबर त्याचा खाकराही उचलणारे शागीर्द काय थोडे आहेत? आपण त्याला निष्ठा म्हणतो. माझं मत विचाराल तर मी विल्यम्सच्या बाजूचा. ज्याला स्वतःला दमदार गुरू लाभला नाही, त्यानंच शिष्यांना आपल्या बोटांचं वळण सक्तीचं करावं, हे मला आजतागायत उलगडलेलं नाही. आणि तरीही सेगोव्हियानं नव्वदी ओलांडल्यावर केलेलं वादन ऐकलं, की माझं भांडण आपोआप मिटतं.

परवा पुतणीकडे गेलो होतो. आठेक वर्षांचा एक मुलगा आपल्याहून मोठी वाटणारी गिटार कवटाळून बसला होता. शिकवलेल्या ओळीच्या शेवटी तो हळूच थांबला, एक सूर रेंगाळू दिला, नि मग पुढं गेला. कागदावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. पुतणीनं पेन्सिल उचलली, क्षणभर हातात धरली आणि खाली ठेवली.

स्वयंपाकघरातून वहिनींनी विचारलं, "चुकला का गं तो?"