स्कायमधील कुळांची घरे

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्याला स्काय नावाचे बेट आहे. तिथले डोंगर, कडे आणि समुद्र पाहायला जगभरातून माणसे येतात. ग्लासगोला परिचारिका असलेल्या पुतणीने हट्टाने बोलावून घेतले म्हणून आम्ही उभयता तिथे जाऊ शकलो. कारकुनाच्या पगारात ते एरवी जमणारे नव्हते. निसर्गाचे वर्णन करणारे पुष्कळ आहेत; आम्ही तिथल्या वास्तूंविषयी सांगतो.

डनव्हेगनच्या किल्ल्यात मॅक्लाऊड सरदारांचे घराणे सुमारे आठशे वर्षे नांदत आले आहे. परीने दिले म्हणतात असे एक जीर्ण रेशमी निशाण तिथे आहे. एक मोठे शिंगही आहे. गादीच्या वारसाने ते मद्याने भरून एका दमात रिकामे करावे, अशी प्रथा. आमच्या सौ. म्हणाल्या, "पैसेवाला प्याला की त्याची परंपरा होते!" किल्ल्यात आम्ही फार रेंगाळलो नाही.

मन रमले ते उत्तरेकडील किलम्युअर गावी. १९६५ साली तिथे बेटावरील जुन्या जीवनाचे संग्रहालय सुरू झाले. संग्रहालय म्हणजे गवताने शाकारलेल्या काही झोपड्याच. दगडी भिंती जाडजूड, वाऱ्याने छप्पर उडू नये म्हणून दोरांना दगड बांधून लोंबकळत सोडलेले. आत चूल, बिछाना, विणकराचा माग, लोहाराची भट्टी. सरपण नसे, म्हणून दलदलीतली माती कापून, वाळवून जाळत. पुतणी म्हणाली, "काका, इथे लोक गरिबांची घरं तिकीट काढून बघतात." आमच्या सौ. मात्र चुलीपाशी बराच वेळ गप्प उभ्या होत्या.

या झोपड्यांतली माणसे जमीनदारांची कुळे होती. एकोणिसाव्या शतकात मेंढ्यांच्या कुरणांसाठी कित्येक गावे उठवली गेली, माणसे परदेशी जहाजांवर चढली. उरलेल्यांनी १८८२ साली ब्रेज येथे टक्कर दिली. बेन ली डोंगरावरचे चराईचे हक्क परत मिळावेत म्हणून कुळांनी खंड अडवला. घर सोडण्याच्या नोटिसा घेऊन आलेल्या माणसाला त्या जाळायला लावल्या. मग ग्लासगोहून सुमारे पन्नास पोलीस आले आणि बायाबापड्यांनी दगडधोंड्यांनी त्यांचा सामना केला. पाच जणांना धरून नेऊन दंड केला. पण सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८८६ च्या कायद्याने कुळाला हुसकावता येणार नाही, खंड वाजवी ठरवला जाईल, अशी हमी मिळाली. ब्रेजच्या रस्त्याकडेला या लढ्याची आठवण म्हणून दगड रचलेले आहेत. आम्ही तिथे हात जोडले.

आमचे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यात खोताचे कूळ. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. म्हणून ती कहाणी आम्हाला परकी वाटली नाही. तरी एक फरक सांगितलाच पाहिजे. स्कायच्या कुळाचे पोट मारले गेले, घर गेले, पण त्याला कुणी पाणवठ्यावर अडवले नाही, त्याच्या सावलीचा कुणाला विटाळ झाला नाही. दोन्ही दुःखे एकच आहेत असे म्हणणारे आम्ही नाही.

आणखी एक गोष्ट. ज्यांच्या ताब्यात जमिनीचा तुकडाच नव्हता, त्या मजुरांना १८८६ च्या कायद्याने जमीन दिली नाही. आपल्याकडेही खोती गेली, पण आपल्या कितीतरी माणसांच्या हाती जमीन आली नाही. १९५९ आणि १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांना भूमिहीनांचे सत्याग्रह उभारावे लागले. त्यात तुरुंगात गेलेल्यांच्या घरी आज काय शिल्लक आहे? एखादी पावती, एखादा फोटो, तोही भिंतीवर ओल धरलेला.

परतीच्या बसमध्ये सौ. म्हणाल्या, "सासूबाईंचं जातं अजून गोठ्यातच पडलंय ना?" मे महिन्यात गावी गेल्यावर ते घरात आणायचे ठरले आहे. आजोबांच्या खंडाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत आहेत असे धाकटे चुलते सांगतात. तीही त्याच फेरीत उघडू.