पंचवीस गुणांची नदी

भारतातील पदवी अभ्यासक्रमांत पर्यावरण अभ्यास हा विषय विद्यापीठांनी आपणहून आणलेला नाही. तो न्यायालयाच्या आदेशाने आला. एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेवर 22 नोव्हेंबर 1991 रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहे, आकाशवाणी आणि दूरदर्शन यांच्यामार्फत पर्यावरणविषयक माहिती लोकांपर्यंत पोहोचवण्यास सांगितले, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन स्तरावर हा विषय सक्तीचा करण्याचा विचार करावा, असेही सुचविले. या सुचवणीची अंमलबजावणी बरीच वर्षे रेंगाळली. 2003 मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावल्यानंतरच आयोगाने सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा एक समान अभ्यासक्रम लागू केला. तो आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष, पुण्याचे शल्यविशारद आणि पर्यावरण शिक्षणाचे पुरस्कर्ते डॉ. इराच भरूचा यांनीच त्याचे पाठ्यपुस्तकही लिहिले. वैद्यक, वाणिज्य, अभियांत्रिकी आणि कला अशा सर्वांना एकच पुस्तक देण्यामागे समतेचा विचार असावा, परंतु त्याचा एक परिणाम असा झाला, की कोणत्या शाखेचा विद्यार्थी या विषयाला स्वतःचे काय देऊ शकतो, हा प्रश्न अभ्यासक्रम आखतानाच मागे पडला.

त्या अभ्यासक्रमाची वाटणी पाहिली, की हे अधिक स्पष्ट होते. एकूण 50 तासिकांपैकी नैसर्गिक संसाधनांना 8, परिसंस्थांना 6, जैवविविधतेला 8, प्रदूषणाला 8 आणि लोकसंख्येला 6 तासिका होत्या. ‘सामाजिक प्रश्न आणि पर्यावरण’ या घटकाच्या वाट्याला 7 तासिका आल्या होत्या. शाश्वत विकास (म्हणजे पुढील पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागविणारा विकास), प्रकल्पग्रस्तांचे विस्थापन आणि पुनर्वसन, पाणलोट क्षेत्र विकास, पर्यावरणीय नीती, हवामानबदल, चंगळवाद, पडीक जमिनींची सुधारणा, तसेच हवा, पाणी, वन्यजीव आणि वनसंवर्धन यांविषयीचे कायदे हे सगळे त्या 7 तासिकांत उरकायचे होते. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्र शिकणाऱ्यांचा जिथे खरा अधिकार चालावा, तोच भाग सर्वांत घाईने शिकवला जाईल, अशी ही रचना होती.

प्रस्तुत लेखिका त्या दशकाच्या अखेरीस पुण्यातील एका महाविद्यालयात द्वितीय वर्ष कला वर्गात होती आणि पुणे विद्यापीठाच्या बोलीत सांगायचे तर तिचा इतिहास ‘स्पेशल’ होता. पर्यावरणाच्या तासाला सर्व विशेष विषयांच्या तुकड्या एकत्र बसत आणि शिकवण्याचे काम भूगोल विभागाकडे असे. महाराष्ट्रात भूगोल हा विषय कला शाखेतही शिकवला जात असल्याने ही सोय अनेक महाविद्यालयांना परवडणारी होती आणि शैक्षणिकदृष्ट्याही ती वाईट नव्हती. कारण नकाशा वाचता येणारा शिक्षक पर्यावरणाला निदान एखाद्या जागेशी बांधून ठेवतो. पुस्तकातील अन्नसाखळी, म्हणजे एका सजीवाने दुसऱ्याला खाऊन ऊर्जा पुढे नेण्याचा क्रम, आणि त्या साखळीच्या प्रत्येक पायरीवर ढोबळमानाने दहावा हिस्साच ऊर्जा पुढे जाते हा नियम शिकवताना त्या प्राध्यापकांनी गवत, नाकतोडा आणि बेडूक यांच्याऐवजी वेताळ टेकडीवरील गवताळ भाग आणि तिथे चरणाऱ्या शेळ्या घेतल्या. मग शेळ्या कोणाच्या, चराईला बंदी कोण घालते, टेकडीवर लावलेली ग्लिरिसिडियासारखी परदेशी झाडे कोणाच्या निर्णयाने आली, असे प्रश्न वर्गातूनच उठले. पाठ्यपुस्तकातील परिसंस्थेच्या आकृतीत शेळीचा मालक कोठेच नव्हता, हे त्या तासाला लक्षात आले.

असे तास थोडे होते. एरवी कला शाखेत या विषयाची प्रतिष्ठा बेताची होती आणि त्याची कारणे परीक्षेत शोधावी लागतात. 100 गुणांपैकी 75 गुण लेखी उत्तरांना आणि 25 गुण क्षेत्रकार्याला, अशी मूळ योजना होती. लेखी भागासाठी झेरॉक्सच्या दुकानात संभाव्य प्रश्नांचे संच मिळत आणि ‘टिपा लिहा’ या प्रकाराने ओझोनचा थर, आम्लपर्जन्य व मृदाधूप यांची लांबी सारख्याच पाच-सहा ओळींवर आणून ठेवली होती. झाडांवरच्या प्रश्नाचे उत्तर तुकोबांच्या अभंगाने सुरू करण्याची पद्धत कला शाखेत इतकी रूढ होती, की विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपेक्षा आपण निसर्गाच्या अधिक जवळ आहोत, असा समज त्यातूनच पोसला जाई. त्याचा अर्थ एवढाच, की ज्या मोजमापाची भीती वाटते ते टाळण्यासाठी कवितेचा उपयोग होत होता. क्षेत्रकार्याची गत याहून वाईट होती. एकाच सर्पोद्यान भेटीचा अहवाल वर्षानुवर्षे नवी मुखपृष्ठे लेऊन ‘सबमिशन’ला येत असे.

या वर्गात ज्या गटाने मुठा नदी हा विषय निवडला, त्यात प्रस्तुत लेखिका होती. या निवडीमागे फार मोठा विचार नव्हता. नदी महाविद्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती आणि सहलीची वर्गणी द्यावी लागत नव्हती. काम मात्र अपेक्षेहून अवघड निघाले. नदी घाण आहे हे सांगायला शिक्षणाची गरज नाही. ती किती घाण आहे हे सांगायचे, तर पाण्यात विरघळलेला प्राणवायू आणि जैवरासायनिक प्राणवायू मागणी या दोन गोष्टी मोजाव्या लागतात. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीव जेवढा प्राणवायू वापरतात, ती त्या पाण्याची जैवरासायनिक प्राणवायू मागणी होय. ती जितकी जास्त, तितके पाणी मैल्याने भरलेले आणि माशांना जगण्यास अयोग्य. अंघोळीस योग्य अशा नदीच्या पाण्यात ही मागणी लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या वर नसावी आणि विरघळलेला प्राणवायू निदान 5 मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे.

रसायनशास्त्र विभागाने मदत देण्याचे कबूल केले, पण नमुने कसे घ्यायचे हे शिकण्याची अट घातली. घासलेल्या बुचाची काचेची बाटली हवेचा एकही बुडबुडा न राहता भरायची आणि काठावरच तिच्यात मँगनीज सल्फेट व अल्कली आयोडाइड घालून प्राणवायू ‘बांधून’ टाकायचा, कारण प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत सूक्ष्मजीव तो संपवून टाकतात. पाण्यात प्राणवायू असेल तर बाटलीत तपकिरी साका बसतो, नसेल तर तो पांढराच राहतो. खडकवासला धरणाच्या खालच्या बाटलीतील साका गडद तपकिरी होता, आणि शहर ओलांडून मुळा-मुठेच्या संगमाकडे येईपर्यंत तो जवळपास पांढरा झालेला होता. पुढचे टायट्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने टाकून अज्ञात द्रव्याचे प्रमाण काढणे, विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी केले. पण रंग केव्हा जातो हे पाहताना कला शाखेच्या त्या गटाला आकडा कुठून येतो, त्यात चूक कुठे शिरू शकते आणि एका दिवसाच्या एका बाटलीवरून नदीबद्दल किती बोलावे, याचा अंदाज आला. साधनाची विश्वासार्हता तपासणे हे इतिहासाच्या वर्गात पहिल्या वर्षापासून शिकवतात, आणि इथेही तेच करायचे होते.

त्यानंतर या गटाने जे केले, ते अभ्यासक्रमात सांगितलेले नव्हते. नदी इथवर कशी आली हे पाहण्यासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा 1885 चा पुणे खंड उघडला गेला. खडकवासला तलाव तेव्हा लेक फाइफ या नावाने नोंदलेला होता. तो तलाव होण्याआधी शहराची तहान विहिरींबरोबरच नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळाने आणलेल्या आणि हौदांत सोडलेल्या पाण्यावर भागत असे. पाणी शहरात होते, पण ते सर्वांना खुले नव्हते. म्हणूनच जोतीराव फुले यांनी 1868 मध्ये आपल्या घराचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला, ही घटना ठरते. पाठ्यपुस्तकात जलसंवर्धनावर बरेच काही होते, परंतु तिथे पाण्याची टंचाई ही पाऊस आणि लोकसंख्या यांच्या गणितातून आलेली दिसे. फुल्यांचा हौद किंवा 1927 मधील महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह त्या गणितात बसत नाही, कारण महाडला पाणी कमी नव्हते.

मुळशीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे निघाले. पुण्यात मुठेला मिळणाऱ्या मुळेच्या खोऱ्यात टाटांच्या कंपनीने वीजनिर्मितीसाठी धरण बांधायला घेतले, तेव्हा 1921 मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट पुढे सेनापती म्हणून ओळखले गेले. पूर्वेकडे भीमेला जाऊ पाहणारे हे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर भिऱ्याला सोडले जाते आणि तिथल्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालणार होत्या. पर्यावरणाच्या पुस्तकात जलविद्युत ही स्वच्छ ऊर्जा म्हणून येते आणि धूर निघत नाही या अर्थाने ते खरेही आहे. मुळशी पेट्यातील भातखाचरे मात्र बुडाली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातील आणखी एक पदर महत्त्वाचा वाटावा: खोऱ्यातील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे होती आणि नुकसानभरपाईचा प्रश्न आला तेव्हा सावकार व कसणारा मावळा यांचे हित एक राहिले नाही. ‘स्थानिक लोकांचा विरोध’ असे एका दमात लिहिण्याची सवय पर्यावरणविषयक लेखनात फार आहे. स्थानिक म्हणजे नेमके कोण, ही विचारणा मुळशीने शिकवली.

याच ओघात फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (1883) वेगळ्या कारणाने वाचला गेला. बी. ए.च्या वर्गात तो सामाजिक विचाराचा ग्रंथ म्हणून येतो, परंतु सरकारच्या जंगल खात्याने गायराने आणि डोंगर ताब्यात घेतल्याने शेतकऱ्याची गुरे कशी उपाशी पडली, याची तक्रार त्यात आहे, आणि पावसाने वाहून जाणारी माती शेतातच अडावी म्हणून ताली-बंधारे घालण्याची सूचनाही आहे. मृदाधूप आणि पाणलोट विकास या ज्या टिपा वर्ग पाठ करीत होता, त्यांचा एक मराठी पूर्वज महाविद्यालयाच्याच ग्रंथालयात दुसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या विषयाच्या कपाटात होता.

प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी आकड्यांचा तक्ता बारकाईने पाहिला, नमुना कुठल्या वेळी घेतला ते विचारले, आणि हौद व मुळशी यांची पाने ‘विषयांतर’ म्हणून बाजूला ठेवली. त्यांचा आक्षेप सर्वस्वी अनाठायी नव्हता. त्या पानांत नदीच्या आजच्या मैल्याचे कारण सांगितलेले नव्हते आणि ते सांगायला सांडपाण्याच्या वाहिन्या व शुद्धीकरण केंद्रे यांचा अभ्यास लागला असता. पण पुण्यातून वाहून गेलेले पाणी भीमेतून उजनीच्या जलाशयात जाते आणि उजनीचे पाणी सोलापूर पिते, एवढे लक्षात घेतले तर पाणी कोणाला कसे मिळते हा प्रश्न त्या तक्त्याच्या शेवटच्या रकान्यातच सुरू होतो.

पुढच्या शिक्षणाचा विचार करू लागल्यावर या विषयाची आणखी एक बाजू समोर येते. पर्यावरणशास्त्राच्या एम. एस्सी.ला प्रवेशासाठी साधारणतः विज्ञान शाखेची पदवी लागते. जो विषय देशातील प्रत्येक पदवीधराने शिकावा असे न्यायालयाला वाटले, त्याच्या विशेष अभ्यासाच्या दारावर कला शाखेचा पदवीधर थांबतो. त्याच्यासाठी उरतात त्या भूगोल, अर्थशास्त्र, समाजकार्य आणि कायदा यांच्या वाटा. प्रस्तुत लेखिकेने यांपैकी कायद्याची वाट धरली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे आणि तिथल्या नदीविषयक अर्जांना जोडलेल्या कागदपत्रांत लिटरमागे मिलिग्रॅमचे तक्ते आणि जुन्या जमिनीचे सातबारा उतारे एकाच फाइलमध्ये लागलेले असतात.