न्हाणीतला आधार

आपल्या गोंदिया जिल्ह्यातील वस्त्यांत आता बहुतेक घरी संडास झाले. कुणाला रमाई आवास योजनेतील घरकुलासोबत मिळाला, कुणी २०१४ नंतर स्वच्छ भारत अभियानाचे बारा हजार रुपये घेऊन बांधला. पहाटे लोटा घेऊन बांधाकडे जाणे सुटले, माता-भगिनींची मोठी कुचंबणा थांबली. परंतु बांधताना मिस्त्रीने माप धरले ते धडधाकट माणसाचे. घरातली सत्तरीची म्हातारी तिथे कशी बसेल आणि बसली तर कशी उठेल, हे कुणी विचारले नाही.

माझ्या आईचेच सांगतो. तिने चाळीस वर्षे बिडी वळली. मांडीवर सूप घेऊन दिवसभर पाय दुमडून बसायचे. त्या मजुरीवर आम्ही भावंडे शिकलो, मी बी. कॉम. होऊन कारकून झालो. तेच गुडघे पुढे धरले. संडासातून उठताना ती कधी दाराची कडी धरायची, कधी नळाची तोटी. सून हात द्यायला गेली तर म्हणायची, "मले धरू नको वं पोरी, मी का लहान लेकरू आहो?"

मग तिने आपलाच उपाय काढला. रात्री उठावे लागू नये म्हणून दुपारनंतर पाणी पिणेच बंद केले. तेही ऐन मे महिन्यात! लघवीला जळजळ सुरू झाली, चक्कर येऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी खोदून खोदून विचारले आणि कारण बाहेर आले. समाजकार्याच्या निमित्ताने मी घरोघरी जातो. तिथे चौकशी केली, तर तीन-चार म्हाताऱ्यांनी हळूच हेच सांगितले. लाजेपायी ही गोष्ट कुणी बोलत नाही, एवढेच.

वास्तविक यात लाजण्यासारखे काय आहे? विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. वार्धक्याने दुबळा झालेला एक भिक्खू शौचाहून उठताना पडला. ही बाब तथागतांच्या कानावर घालण्यात आली. त्यांनी शौचाच्या जागी धरण्यासाठी आधार लावण्याची अनुज्ञा दिली. त्याला पाली शब्द आहे ओलंबक. त्याच भागात न्हाणीघराच्या पायऱ्या चढताना भिक्खू पडत, म्हणून तिथेही कठड्याची परवानगी आहे. म्हाताऱ्याला दुसऱ्याच्या हातावर न सोडता त्याच्याच हाताला काहीतरी द्यावे, हा विचार इतका जुना आहे.

आम्ही वेल्डिंगवाल्याकडून सव्वा इंची पाइपचे दोन दांडे करून घेतले. एक संडासातल्या बाजूच्या भिंतीला तिरपा, दुसरा न्हाणीच्या दाराशी उभा. उंची टेपने ठरवली नाही. आईला तिथे बसवून, उठवून, तिचा हात जिथे आपोआप गेला तिथे खडूने खूण केली. दांडा नुसत्या प्लास्टरमध्ये खिळ्यांनी ठोकू नये. विटेत ड्रिलने खोल भोक पाडून अँकर बोल्टने कसावा आणि आधी घरातल्या तरण्या पोराने त्याला लोंबकळून पाहावे. टॉवेल टाकायचा दांडा म्हणजे आधार नव्हे, तो अंगाच्या भाराने निघून येतो.

दाराचे मात्र सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे दारे आत उघडतात. म्हातारा माणूस आत पडला की दाराला आडवा होतो आणि बाहेरून ढकलता येत नाही. बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडेल असे करा, कडीही अशी घ्या की वेळ पडली तर बाहेरून निघेल.

चकचकीत टाईल्सचा हट्ट सोडावा. शोभा पाहुणे पाहतात, पाय घरच्यांचा घसरतो. फरशी खरबरीत असावी आणि पावसाळ्यात शेवाळ धरले की घासून काढावे. आंघोळीला बसायला रुंद पायांची, रबरी बुचे लावलेली खुर्ची द्यावी. बादली स्टुलावर ठेवली की वाकणे वाचते. वाटेत रात्रभर लहान दिवा असू द्यावा.

हे सर्व आमच्याकडे अडीच हजारांच्या आत झाले. खुबा मोडला तर दवाखाना आणि घरच्या एका माणसाची बुडालेली मजुरी मिळून किती जातात, हे ज्यांच्या घरी झाले त्यांना विचारावे. आई आता संध्याकाळीही पोटभर पाणी पिते.

गुडघे मुळीच दुमडत नसतील तर कमोड खुर्ची घ्यावी. २०२४ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना एकरकमी ३,००० रुपये, आणि त्यातून घ्यायच्या वस्तूंच्या यादीत कमोड खुर्ची आहे. अर्ज सध्या घेतात की नाही, याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

ज्यांचे घरकुल अजून व्हायचे आहे त्यांनी प्लास्टरच्या आधीच मिस्त्रीला दांड्याची जागा दाखवून ठेवावी. संडास जोत्यावर उंच घेतला असेल तर पायऱ्या बुटक्या ठेवाव्यात, बाजूला कठडा द्यावा. लोखंडाचा परवडत नसेल तर बांबूचाही चालतो. फक्त पावसाळा संपला की तो हलवून पाहावा आणि कुजला असेल तर लगेच बदलावा.